स्पीडवेलचा वाफा: गेलेली आणि राहिलेली रोपं

निळ्या तुऱ्यांचं स्पीडवेल, म्हणजे व्हेरोनिका, घरच्या बागेत लावायचं ठरवलं तेव्हा जे वाचायला मिळालं त्यात एकच सूर होता: लावायला सोपं, फारसं मागत नाही. ज्यांची रोपं मेली त्यांनी काय चुकलं ते लिहून ठेवलेलं कुठे सापडलं नाही. माझी बरीच मेली. म्हणून या नोंदी जशा वहीत होत्या तशाच, थोड्या नीट करून देते आहे.

जागा साडेतीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. दिवसाला सहा तास सरळ ऊन. माती चिकण. हिवाळ्यात काही आठवडे वरचा थर गोठतो. या झाडांना ती थंडी लागतेच. थंडीत वरचा भाग वाळतो, गळ्याशी, म्हणजे खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे, कळ्या झोपून राहतात आणि वसंतात तिथूनच फुटवे येतात. तुमच्याकडे हिवाळा नावापुरता आणि उन्हाळा दमट असेल, तर कणसासारख्या तुऱ्याचं स्पीडवेल खालून पानं गाळत दुसऱ्या वर्षापर्यंत विरळ होत जातं, हे आधीच सांगते.

२० फेब्रुवारी २०२३

व्हेरोनिका स्पायकाटाचं बी पेरलं. ही गुडघ्याच्या आत राहणारी, ३० ते ६० सेंमी उंचीची जात. बी इतकं बारीक की पाकीट उघडताना श्वास रोखून धरावा लागला. ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत भरलं, बी भुरभुरलं आणि वरून बोटाच्या पेराएवढा थर दिला. झारीने पाणी घातलं.

१४ मार्च २०२३

बावीस दिवस झाले, एकही कोंब नाही. ट्रेचा एक कोपरा सुईने उकरून पाहिला, बी सापडतसुद्धा नाही. चूक कळली: या बियाला उगवायला उजेड लागतो. मी सवयीने झेंडू पेरावा तसं झाकून टाकलं होतं. इतकं बारीक बी एवढ्या थराखालून वर यायला पोटात साठा कुठून आणणार! तीन आठवडे गेले आणि अर्धं पाकीट गेलं.

दुसरा ट्रे लगेच केला. या वेळी:

बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळलं, म्हणजे कुठे पडलं ते दिसतं आणि एकाच ठिकाणी ढीग होत नाही. माध्यम आधी भिजवून सपाट केलं, वाळूबी वर पसरलं आणि फळीच्या तुकड्याने नुसतं दाबलं. वर काहीच घातलं नाही. ट्रे पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून पाणी पिऊ दिलं. वर पारदर्शक झाकण. घरात २० अंशांच्या आसपास तापमान राहतं अशा खिडकीत ठेवला.

२७ मार्च २०२३

तेराव्या दिवशी उगवलं. सकाळी तिरप्या उजेडात पाहिलं तेव्हा हिरवी धूळ बसल्यासारखं दिसलं. भिंग लावल्यावर प्रत्येक कणाला दोन गोल पानं. मोजायचा प्रयत्न केला, सत्तरच्या आसपास आहेत.

५ एप्रिल २०२३

रात्रीत निम्मा ट्रे आडवा झाला. रोपांच्या बुंध्याशी दोऱ्यासारखी चिमट आली आहे आणि ती एकाच बाजूला लोळली आहेत. रोपं कोलमडण्याचा रोग, माझ्याच हाताने आणलेला. उगवल्यावर झाकण काढायचं असतं. मी ऊब राहावी म्हणून नऊ दिवस ठेवलं. आत थेंब लटकत होते ते रोज दिसत होतं.

आज केलं ते: झाकण कायमचं काढलं. आडवी रोपं आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून टाकली. उरलेल्यांच्या मधे कोरड्या वाळूचा अगदी पातळ थर भुरभुरला. पाणी फक्त खालून, तेही वरचा थर फिका दिसला तरच. खोलीत पंखा सगळ्यात कमी वेगावर, ट्रेकडे तोंड न करता.

शिल्लक ३१.

२९ एप्रिल २०२३

पडझड थांबली. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या, म्हणून एकेक रोप सात सेंमीच्या कुंड्यांत हलवलं. रोप पानाला धरून उचलायचं, खोडाला नाही. खोड चेपलं की संपलं. सात रोपं माझ्याकडून खोडालाच धरली गेली किंवा मुळं तुटली. चोवीस कुंड्या भरल्या.

६ मे २०२३

वाफा खणला. फावड्याचं पातं जाईल तेवढं खोल. माती चकाकत्या ढेकळांची. ती सुधारावी म्हणून पाच घमेली कुजलेलं शेणखत मिसळलं.

निचरा पाहायला फूटभर खोल खड्डा करून पाणी भरलं. एकदा जिरू दिलं, पुन्हा भरलं आणि पट्टी उभी करून ठेवली. तासाभरात सेंमीभरच उतरलं. ताशी अडीच सेंमीपेक्षा कमी उतरत असेल तर जमीन पाणी धरून ठेवते असं समजावं. मला हे ठाऊक होतं. तरी खत घातलंय, मुळं वाट काढतील, असं म्हणून पुढे गेले. या वहीतली सगळ्यात महागात पडलेली ओळ हीच.

२० मे २०२३

लावणी. त्याआधी दहा दिवस कुंड्या रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवत गेले.

एकूण ३३ रोपं. बियांपासूनची स्पायकाटा २४, एकमेकींपासून ३० सेंमीवर. मागच्या रांगेत रोपवाटिकेतून आणलेली लॉन्गिफोलिया ३, ही कमरेच्या वर जाते म्हणून दोन फूट अंतर. कडेला दगडांच्या ओळीशी जमिनीसरपट पसरणारी प्रोस्ट्राटा ४. आणि मध्यभागी 'सनी बॉर्डर ब्लू' या वाणाची २. हा वाण १९९३ साली अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने वर्षाचं झाड म्हणून निवडला होता. सुरकुतलेल्या गडद पानांचा आणि जांभळट निळ्या तुऱ्याचा. तो बियांपासून तसाच येत नाही, रोप किंवा छाटकलमच आणावं लागतं.

स्पायकाटाच्या चोवीसपैकी आठ दगडांच्या ओळीलगत बसली, कारण वाफ्यात जागा उरली नव्हती. हे आत्ता साधं वाटतंय, पण पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहिते: त्या ओळीखाली जुन्या पायवाटेची खडी आहे.

१८ जून २०२३

सनी बॉर्डर ब्लूचा पहिला तुरा उघडला.

तुरा खालून वर फुलत जातो. खाली उमललेली फुलं, मधे टपोऱ्या कळ्या, आणि टोक अजून हिरवं, किंचित वाकलेलं. एक फूल भिंगाखाली धरलं. चार पाकळ्या वाटतात, पण त्या खाली एकमेकींना जोडलेल्या आहेत. वरची सगळ्यात रुंद, खालची सगळ्यात अरुंद. आणि पुंकेसर फक्त दोन, पाकळ्यांच्या बाहेर लांब आलेले, कीटकाच्या मिशांसारखे. त्यांच्यामुळेच लांबून सगळा तुरा लवदार दिसतो. शेजारी बसलेल्या मुलीने फुलाला बोट लावलं तर निळं चक्र अख्खं गळून तिच्या बोटावर आलं, मधे भोक असलेल्या टिकलीसारखं. फूल असंच गळतं, पाकळी पाकळी नाही. पाऊस पडून गेल्यावर झाडाखाली निळा सडा दिसतो तो यामुळे.

जुनी पुस्तकं याला दुसऱ्याच कुळात ठेवतात. आता वनस्पतिशास्त्रज्ञ हे इसबगोलाच्या कुळात धरतात. इसबगोलाच्या ओंबीतूनही पुंकेसर असेच बाहेर लोंबतात, हे माहीत झाल्यापासून मला ते नातं पटतं.

२ जुलै २०२३

बियांपासूनची रोपं हिरवीगार, पण पसरली आहेत. लॉन्गिफोलिया तर एका वाऱ्यात मधून फाकून चारी बाजूंना पडली. काठ्या लावून दोरी बांधली. पडल्यावर बांधलेलं झाड परत सरळ दिसत नाही, टोकं वर वळून गळ टाकल्यासारखी राहतात. आधार द्यायचा तर वीतभर उंचीवर असतानाच द्यायला हवा.

कारण खत. शेणखताने पानं आणि लांब मऊ खोडं मिळाली. हे झाड हलक्या जमिनीत ताठ उभं राहतं.

तुरा खालून दोन तृतीयांश तपकिरी झाला की कापते आहे. कुठे कापायचं हे आठवडाभर चुकत होतं. मी तुऱ्याच्या लगेच खाली कापत होते आणि नुसती टोचरी खुंटं राहत होती. पानांची जोडी पाहत खाली यायचं. जिथे पानाच्या बेचक्यात बारीक फुटवा दिसतो त्याच्या बरोबर वर कात्री. तिथून बाजूचे तुरे येतात, पहिल्यापेक्षा आखूड पण संख्येने जास्त.

२५ जुलै २०२३

लॉन्गिफोलियावर भुरी. वरच्या बाजूला पिठासारखी, बोटाने पुसली जाते. पानाच्या खाली राखाडी लव आणि वर पिवळे डाग असते तर तो केवडा समजले असते. तो जास्त वाईट, त्यात रोगट फांद्या मुळापर्यंत काढाव्या लागतात. भुरी आली कारण दोन आठवडे वरचा थर तडकेपर्यंत पाणी चुकलं आणि फांद्यांची गर्दी होती. मुळाशी कोरडं आणि पानांत कोंदट हवा, हे दोन्ही जमलं की भुरी येते. प्रत्येक झाडाच्या आतल्या तीन-चार फांद्या बुंध्यापासून काढल्या. पाणी सकाळी, मुळाशी. नवी पानं स्वच्छ आली.

१ ऑक्टोबर २०२३

हिवाळ्याची तयारी. वाळलेली खोडं जमिनीलगत कापली. थंडी लागू नये म्हणून प्रत्येक गड्ड्यावर पालापाचोळा आणि खताचं वीतभर जाड आच्छादन केलं, अगदी गळ्यापर्यंत दाबून. दोन तास लागले. काम नीट झाल्याचं समाधान वाटलं.

१६ मार्च २०२४

आच्छादन काढलं. ही नोंद सावकाश लिहिते आहे.

पहिलं रोप वाळक्या खुंटाला धरून हलकेच ओढलं. कसलाच अडसर न होता ते हातात आलं. गळ्याशी तपकिरी, ओलं. चिमटीत धरून चोळलं तर साल मोज्यासारखी सुटून आली आणि आत दोऱ्याएवढा तंतू राहिला. नाकाशी नेलं तर डबक्याचा वास. दुसरं तसंच. तिसरं तसंच. सहाव्यानंतर मी ओढायचं थांबवलं आणि खुरप्याने बाजूची माती उकरून पाहू लागले.

मोजणी: स्पायकाटा २४ पैकी ७ जिवंत. सनी बॉर्डर ब्लू २ पैकी १, तेही अर्धं. लॉन्गिफोलिया ३ पैकी २. प्रोस्ट्राटा चारच्या चारही. म्हणजे ३३ मधली १९ गेली.

संध्याकाळी कागदावर वाफा काढून कोण कुठे मेलं ते फुल्यांनी दाखवलं, आणि चित्र समोर आलं. जगलेल्या सातही स्पायकाटा दगडांच्या ओळीलगतच्या आठांपैकी आहेत. त्यांच्यापासून हातभर अंतरावरची सगळी गेली. थंडी दोघांना सारखीच लागली, बर्फ सारखाच पडला. फरक एवढाच की एकीच्या पायाखाली खडी होती आणि दुसरीच्या पायाखाली पाणी धरणारी चिकणमाती, वर माझ्या हातचं ओलं गोधडं.

कारण समजून घेतलं ते असं. हिवाळ्यात झाड पाणी ओढत नाही. माती भरून राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला वाट मिळते. पुढच्या वर्षीच्या कळ्या नेमक्या जमिनीच्या पातळीवर असतात, म्हणजे सगळ्यात आधी त्याच जातात.

आणि एक गोष्ट जी मी आधी पाहायला हवी होती. हे सगळे प्रकार 'स्पीडवेल' या एका नावाखाली मिळतात, पण त्यांची मूळ घरं वेगळी आहेत. स्पायकाटा रानात कोरड्या, पातळ मातीच्या, बऱ्याचदा चुनखडीच्या गवताळ जमिनीवर उगवते; प्रोस्ट्राटाही कोरड्या माळाची. लॉन्गिफोलिया नदीकाठची आणि ओलसर कुरणांतली. म्हणून तिच्यातल्या तीनपैकी दोन त्याच चिखलात तगल्या, आणि म्हणूनच उन्हाळ्यात पाणी चुकल्यावर भुरीही तिच्यावरच आली. मी सगळ्यांना एकच माती, एकच पाणी, एकच पांघरूण दिलं.

२३ मार्च २०२४

घाईत वाफा पुन्हा खणायला घेतला. दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता. माती पात्याला चिकटत होती तरी खणत राहिले. पायाखाली दाबून विटा झाल्या. वाफसा येण्याची वाट पाहायला हवी होती. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा: भुगा झाला तर काम सुरू, नुसती खळी पडली तर घरी बसा. ढेकळं फुटण्याजोगी व्हायला पुढे नऊ दिवस गेले.

१ ते ६ एप्रिल २०२४

गादीवाफा केला. सगळ्या कामाला मिळून अकरा तास, सहा संध्याकाळी.

चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. एका बादलीत करून पाहिलं. पाच भाग माती, एक भाग बारीक वाळू. वाळल्यावर कडक चकती झाली, पाणी वरच उभं. चिकणमातीचे कण वाळूच्या कणांमध्ये भरून बसतात, पोकळी होत नाही. मग वाळूचा नाद सोडला.

जे केलं ते: जुनी माती काट्याने नुसती सैल केली, उलटी केली नाही. तिच्यावर तीन भाग चांगली माती, दोन भाग चार ते सहा मिलिमीटरची टोकदार खडी आणि एक भाग जुनं कंपोस्ट असं मिश्रण. वीतभर, म्हणजे वीस सेंमी उंची. कडेला दगड. खडी नदीतली गोटीसारखी गोल घेऊ नका, ती एकमेकींवरून सरकून बसते, फोडलेली घ्या. शेणखत शून्य.

उतार मुद्दाम ठेवला. एक टोक उंच, दुसरं जुन्या जमिनीच्या पातळीला. उंच टोकाकडे स्पायकाटा आणि सनी बॉर्डर ब्लू, खालच्या टोकाला लॉन्गिफोलिया. प्रोस्ट्राटा जिथे सुखात होती तिथून हलवली नाही.

निचऱ्याची चाचणी पुन्हा: या वेळी खड्डा पाऊण तासात रिकामा.

४ मे २०२४

विकत रोपं आणण्याऐवजी जगलेल्यांपासूनच वाढवायची ठरवली. सातांमधल्या दोन स्पायकाटांचा निळा फार खोल आहे. बियांपासूनच्या रोपांत रंग सारखा येत नाही, एक तर फिकी गुलाबी निघाली होती. आवडलेला रंग टिकवायचा तर छाटकलम हाच मार्ग.

अठरा काड्या घेतल्या. बुंध्यातून आलेले कोवळे फुटवे, सहा ते आठ सेंमी, पानांच्या जोडीच्या बरोबर खाली कापलेले. खालची पानं काढली. अर्धं कोकोपीट, अर्धं परलाईट (हलके पांढरे खनिज दाणे). सावलीत, वर सैल पिशवी, रोज दहा मिनिटं उघडी.

१ जून २०२४

अठरांपैकी तेरा लागल्या. काडी हलकेच ओढली तर धरून ठेवते, आणि कुंडीच्या भोकातून पांढरा जारवा दिसतो. न लागलेल्या पाचही अशा होत्या ज्यांच्या शेंड्यात बारीक कळी होती. काढतानाच चुटपुट लागली होती, तरी घेतल्या. कळी धरलेली काडी मुळाकडे वळत नाही. एप्रिलच्या शेवटालाच घ्यायला हव्या होत्या.

प्रोस्ट्राटाचा बहर संपला. चटईच्या वरचा तिसरा हिस्सा कात्रीने भादरून टाकला. हे न केल्यास ती मधे टक्कल पडून कडेनेच वाढते.

१४ जुलै २०२४

खत दिलेलं नाही. सनी बॉर्डर ब्लू एकही काठी न लावता उभी, गेल्या वर्षीपेक्षा बुटकी, खोड बोटाला टणक लागतं. स्पायकाटाही ताठ. दुपारी अर्धा तास बसून पाहिलं: मधमाशी तुऱ्याच्या खालच्या उघड्या फुलावर उतरते आणि चक्राकार वर चढत जाते, कळ्यांपाशी पोहोचली की उडून दुसऱ्या तुऱ्याच्या तळाशी. एकाच वेळी अकरा मोजल्या.

लॉन्गिफोलियाला वीतभर असतानाच जाळीचा आधार दिला होता, आता जाळी दिसतही नाही. तिला कोरड्या आठवड्यात दोनदा खोल पाणी. भुरी नाही.

१० ऑगस्ट २०२४

तेरा कलमं वाफ्यात गेली. आणखी उशीर नको होता. जमीन गोठण्याआधी मुळांना धरायला आठ-दहा आठवडे मिळायला हवेत. हिवाळ्यात जाणारी एकूण रोपं: १४ जुनी, १३ नवी, म्हणजे २७.

६ ऑक्टोबर २०२४

गेल्या वर्षीच्या उलट सगळं. खोडं कापली नाहीत. वाळलेली खोडं वसंतापर्यंत तशीच. पालापाचोळा गळ्यापासून लांब, रोपांच्या मधल्या जागेतच आणि पातळ. प्रत्येक गळ्याभोवती मूठभर खडी, बांगडीसारखी. झाडावरून वाहून आलेली पानं दर आठवड्याला हाताने काढते आहे, कारण ओली पानं गड्ड्यावर चिकटून बसली की तेच आच्छादन होतं. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात.

१५ मार्च २०२५

वाळलेल्या खोडांच्या पायथ्याशी खडीमधून लालसर हिरवी बोंडकी वर आलेली. गुडघ्यावर बसून एकेक मोजलं. २७ पैकी २५.

गेलेली दोन शेजारी-शेजारीच होती, उंच टोकाला, जिथे काहीच व्हायला नको होतं. उकरलं तर तीच कुज, तोच वास. वर पाहिलं तेव्हा कारण दिसलं: पन्हाळीचा सांधा उसवलाय आणि बर्फ वितळताना बरोबर तिथेच थेंब पडतो. खडीत थेंबाने केलेला खळगाही आहे. निचरा कितीही चांगला असो, रोज एकाच जागी पडणाऱ्या पाण्यापुढे तो पुरला नाही.

१२ एप्रिल २०२५

लॉन्गिफोलियाचे दोन्ही गड्डे मधून पोकळ दिसायला लागले होते, फुटवे फक्त कडेने. फुटवे बोटभर असतानाच दोन्ही गड्डे उपसले. दोन काटे पाठीला पाठ लावून गड्ड्यात खुपसले आणि फाकवले. कुदळीने तोडलं असतं तर मधे येणाऱ्या फुटव्यांची माती झाली असती. मधला लाकडासारखा भाग टाकला. कडेच्या भागाचे सात तुकडे झाले, प्रत्येकाला किमान तीन फुटवे आणि स्वतःची मुळं. चार खालच्या टोकाला लावले, दोन शेजारी दिले, एक कुंडीत. स्पायकाटाची विभागणी अजून दोन वर्षं तरी नको.

८ जून २०२५

दगडांच्या फटींत आपोआप उगवलेली स्पायकाटाची नऊ रोपं सापडली. उघड्या खडीवर पडलेलं बी, वर माती नाही, पूर्ण उजेड. पहिल्या ट्रेमध्ये मी तेच दिलं नव्हतं.

नऊपैकी सहा कुंड्यांत काढली. रंग काय निघतो ते पुढच्या वर्षी कळेल. तीन फटीतच ठेवली आहेत, तिथून काढली तर मुळं तुटतील. पन्हाळीचा सांधा परवा बसवून झाला. रिकाम्या दोन जागांत लगेच काही लावत नाही, दोन मोठे पाऊस होऊन थेंब खरंच थांबलाय का ते आधी पाहणार आहे.